बुरशीनाशकाचं टेक्निकल क्रिस्टल करायचंय? आधी रूप ठरवा, शुद्धता नंतर बघू

प्रश्न असा आहे की ट्रायअझोल गटातल्या एका बुरशीनाशकाचं टेक्निकल आहे, म्हणजे फॉर्म्युलेशन न केलेला मूळ माल, वितळण्याचा बिंदू १०० अंशांच्या थोडा वर, रिअॅक्शननंतर ९४ टक्क्यांचं क्रूड (शुद्ध न केलेला माल) येतं, मिथेनॉल-पाण्यातून क्रिस्टल करायला गेलं की एका बॅचला छान पांढरी पावडर, दुसऱ्या बॅचला तळाला तेल, तिसऱ्या बॅचला लांब सुया ज्या फिल्टरच होत नाहीत, आणि जी बॅच चांगली आली तिची एससी (पाण्यात बारीक कण तरंगत ठेवलेलं फॉर्म्युलेशन) बनवली तर काही आठवड्यांत ती घट्ट होऊन दाणे धरते. तर शुद्ध आणि टिकाऊ घनरूप मिळवायचं कसं?

या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं, तुमच्या हातात नक्की कुठलं क्रिस्टल रूप आहे, म्हणजे तेच रेणू जाळीत कसे रचले गेलेत, हे तुम्हाला माहीत नाहीये. लोक एचपीएलसीवर (शुद्धता मोजायच्या यंत्रावर) ९८ बघतात आणि खूश होतात, पण एचपीएलसीला सॅम्पल विरघळवूनच द्यावं लागतं, म्हणजे क्रिस्टल रूपाची सगळी माहिती तिथेच पुसली गेली. ९८ टक्के शुद्ध माल चुकीच्या रूपात असू शकतो आणि ९६ टक्क्यांचा माल बरोबर रूपात, आणि फॉर्म्युलेशनवाला माणूस तुम्हाला सांगेल की त्याला दुसरा जास्त चालतो.

बुरशीनाशकांमध्ये हे किती सर्रास आहे ते बघा. सायप्रोडिनिलची दोन रूपं माहीत आहेत, एक ७० ते ७२ अंशांना वितळतं, दुसरं ७४ ते ७६ ला, आणि गंमत म्हणजे कमी तापमानाला पहिलं स्थिर, जास्त तापमानाला दुसरं, आणि अदलाबदलीचा बिंदू २० ते ४० अंशांच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणजे नेमका गोदामाच्या तापमानात. दिवसा एक रूप स्थिर, रात्री दुसरं. अशा मालाची पाण्यातली एससी केली तर क्रिस्टल सतत विरघळून पुन्हा वाढत राहणार. बॉस्कॅलिडचं पाणी धरलेलं रूपही आहे आणि बिनपाण्याची रूपंही आहेत. पायराक्लोस्ट्रोबिन ६४-६५ अंशांनाच वितळतं, वितळलेलं थंड केलं की पटकन क्रिस्टल होतच नाही, काचेसारखं चिकट राहतं, आणि त्याचीही एकापेक्षा जास्त रूपं नोंदलेली आहेत. औषधनिर्मितीतलं रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, १९९६ ला बाजारात आलं आणि १९९८ ला अचानक जास्त स्थिर, कमी विरघळणारं नवीन रूप उगवलं आणि कॅप्सूल मागे घ्यावी लागली. शेतीच्या रसायनांत असं झालं तर पेपरात येत नाही एवढंच, नोझल चोक होतात आणि शेतकरी डीलरला शिव्या घालतो.

तर पहिलं काम सॉल्व्हंट शोधणं नाही. पहिलं काम म्हणजे रूपं शोधणं. पाच-सहा वेगळ्या स्वभावाचे सॉल्व्हंट घ्या, म्हणजे एक अल्कोहोल, एक एस्टर, एक टोल्युईनसारखा, एक हेप्टेन किंवा मिथाइलसायक्लोहेक्झेनसारखा, अॅसिटोनायट्राइल, आणि एक पाणी मिसळलेला, प्रत्येकातून हळू थंड करून, झटकन थंड करून, आणि सॉल्व्हंट उडवून असे तीन पद्धतीने घन काढा. थोडा माल वितळवून थंड करून पण बघा. सगळ्यांचं पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी जाळीची ओळख) आणि डीएससी (गरम करताना उष्णता कुठे घेतो-सोडतो ते). एक्सआरडी वेगळं आलं म्हणजे रूप वेगळं असेलच असं पण नाही हं, सुया किंवा पत्रे असले की ते होल्डरमध्ये आडवे पडतात आणि काही पीक फुगतात काही गायब होतात, म्हणून हलक्या हाताने वाटून पुन्हा काढायचं, पण जास्त जोरात वाटलं तर रूपच बदलू शकतं, म्हणून हलक्या हाताने. जोडीला टीजीए (गरम करताना वजन किती घटतं ते) केलं तर सॉल्व्हंट किंवा पाणी जाळीत बसलंय का ते कळतं. हॉट स्टेज मायक्रोस्कोप (सॅम्पल गरम करत बघता येतो असा) असेल तर नशीबवान आहात, डीएससीच्या आलेखावर जो छोटा खड्डा दिसतो तो वितळणं आहे, रूप बदलणं आहे की सॉल्व्हंट सुटणं आहे हे डोळ्यांनी दिसतं.

मग ज्या रूपांची ओळख पटली ती एकत्र मिसळायची, ज्या सॉल्व्हंटमध्ये थोडं विरघळतं त्याचं संपृक्त द्रावण घ्यायचं, त्यात हा मिसळलेला घन टाकून ढवळत ठेवायचं, ५ अंश, २५, ४० आणि ५४ ला वेगवेगळं. काही दिवसांनी गाळून एक्सआरडी. जे उरलं ते त्या तापमानाला स्थिर. ही स्पर्धेची स्लरी म्हणजे या सगळ्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रयोग आहे, कारण त्यात वाट बघण्याशिवाय काही करायचं नसतं आणि वाट बघणं रिपोर्टमध्ये दिसत नाही. ५४ का, तर सीपॅकच्या (कीडनाशकांच्या तपासणी पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) एमटी ४६ पद्धतीत १४ दिवस ५४ अंशांना ठेवून स्टोरेज तपासतात, तुमचा माल शेवटी तिथे जाणारच आहे. आणि थंडीची चाचणी ० अंशांना ७ दिवस असते, म्हणून खालचं टोकही सोडू नका. वरच्या आणि खालच्या तापमानाला वेगळी रूपं जिंकली तर तुमची सायप्रोडिनिलसारखी केस आहे आणि मग एससीचा हट्ट धरायचा का यावर फॉर्म्युलेशनवाल्यांसोबत बसून बोलावं लागेल.

या स्लरीत एक ट्यूब अशी पण ठेवा ज्यात सॉल्व्हंटच्या जागी पाणी आणि तुमच्या एससीतलेच वेटिंग एजंट (कण भिजवणारे), डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारे) आहेत. पाण्यात कमी विरघळतं म्हणून रूप बदलणार नाही असं समजू नका, हे सरफॅक्टंट (साबणासारखे पदार्थ) ते काम करतात. पाणी धरणारं रूप असेल तर तेही इथेच उघडं पडेल, कोरड्या मिथेनॉलमध्ये ते दिसणार नाही.

काही जण विचारतात की पहिल्यांदा जे रूप पडतं तेच सगळ्यात स्थिर नसतं का. उलट बरेचदा नसतं. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १८९७ मध्येच लिहून ठेवलंय की द्रावणातून आधी कमी स्थिर रूप पडण्याकडे कल असतो आणि मग ते पायरी पायरीने स्थिर रूपाकडे जातं. हा नियम कायम पाळला जातो असं नाही पण झटकन थंड केलं, पाणी एकदम ओतलं, की तुम्ही त्या पहिल्या पायरीवर अडकण्याची शक्यता जास्त. तुमची 'छान पांढरी पावडर' मला तरी त्यातलीच वाटतेय. मेटास्टेबल (तात्पुरतं टिकणारं, पुढे बदलणारं) रूप जास्त विरघळतं, स्थिर रूप कमी, मग एससीमध्ये पाणी त्या पहिल्या रूपाला विरघळवत राहतं आणि दुसऱ्या रूपाचे क्रिस्टल मोठे होत राहतात, दाणे आणि घट्टपणा तिथून येतो.

आता तेल सुटण्याचं. कमी-मध्यम वितळण्याचा बिंदू असलेल्या सेंद्रिय रसायनांची ही ठरलेली खोड आहे, आणि पाणी हा अँटीसॉल्व्हंट (ज्यात माल विरघळत नाही असा द्रव) असला की हमखास. होतं असं की गरम द्रावणात पाणी घातलं किंवा ते थंड केलं की क्रिस्टल व्हायच्या आधीच द्रावण दोन द्रवांत फुटतं, एक रसायनाने भरलेला जाड थर, एक पातळ. त्या जाड थरात मालाबरोबर मिथेनॉलही असतं आणि सगळ्या इम्प्युरिटीज पण, कारण त्यांनाही पाणी आवडत नाही. मग तो थर कधीतरी गोठतो, गोळे होतात, आणि इम्प्युरिटी आत कोंडली जाते. अशा बॅचची शुद्धता कितीही धुतली तरी वर जात नाही, धुवायचं तर बाहेरून, घाण आत. लोक म्हणतात वितळण्याचा बिंदू १०५ आहे मग ५० अंशांना तेल कसं होईल. कोरड्या शुद्ध मालाचा १०५ असतो, सॉल्व्हंटने भिजलेल्या आणि ६ टक्के कचरा असलेल्या मालाचा खूप खाली येतो.

उपाय एकच नाही पण क्रम असा ठेवा. एक छोटा नकाशा बनवा, वेगवेगळ्या पाण्याच्या प्रमाणाला आणि वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनला हळू थंड करत कुठल्या तापमानाला द्रावण दुधाळ होतं ते टिपा, आणि मायक्रोस्कोपखाली बघा की दुधाळपणा गोल थेंबांचा आहे की कोन असलेल्या क्रिस्टलचा. थेंबांची रेषा कुठे आहे कळली की तिच्या अलीकडेच राहायचं, म्हणजे कमी कॉन्सन्ट्रेशन, कमी पाणी, आणि थेंब पडायच्या तापमानाच्या वर बीज टाकून क्रिस्टलला आधी सुरुवात करून द्यायची. तरीही जमलं नाही तर पाणी सोडा. ट्रायअझोलसाठी मला वैयक्तिक मिथाइलसायक्लोहेक्झेनसारख्या हायड्रोकार्बनमध्ये थोडं टोल्युईन किंवा थोडं अल्कोहोल असं मिश्रण पाण्यापेक्षा जास्त आवडतं, गरम-थंड यात विरघळण्याचा फरक मोठा मिळतो आणि फिल्टर केक लवकर कोरडा होतो, फक्त असे सॉल्व्हंट वीज वाहून नेत नाहीत म्हणून स्टॅटिकचा विचार आधीच करा, अर्थिंग, नायट्रोजन, ओतण्याचा वेग सगळं.

बीज म्हणजे सीडिंग. हे न करता रूप हातात ठेवता येत नाही, त्यामुळे याबाबतीत मी हट्टी आहे. स्पर्धेच्या स्लरीत जे रूप जिंकलं त्याचाच थोडा माल, एक्सआरडीने तपासलेला, बारीक केलेला, अँटीसॉल्व्हंटमध्ये स्लरी करून द्यायचा, कोरडी पावडर मॅनहोलमधून टाकू नका, ती वर तरंगते आणि सॉल्व्हंटची वाफ तुमच्या तोंडावर येते. केव्हा टाकायचं? आधी मेटास्टेबल पट्टा काढा, म्हणजे कुठल्या तापमानाला माल संपृक्त होतो आणि त्याच्या किती खाली गेल्यावर तो आपोआप पडायला लागतो. समजा ५५ ला संपृक्त आणि ४३ ला आपोआप पडतो, तर ५१-५२ ला बीज टाका. खूप लवकर टाकलं तर विरघळून जातं, उशिरा टाकलं तर आपोआप पडणं आधीच सुरू झालेलं असतं आणि तुमच्या बीजाला काही अर्थ राहत नाही. आणि हा पट्टा शुद्ध मालावर काढू नका, खऱ्या क्रूडवर काढा, इम्प्युरिटीने तो बराच रुंद होतो.

किती बीज याचा साधा हिशेब आहे. नवीन कण जन्मले नाहीत असं धरलं तर शेवटचा आकार म्हणजे बीजाचा आकार गुणिले वजनाच्या वाढीचं घनमूळ. १ टक्का बीज टाकलं तर वजन साधारण १०१ पट, त्याचं घनमूळ ४.६ च्या आसपास, म्हणजे ३० मायक्रॉनच्या बीजातून १४० मायक्रॉनचा दाणा. फिल्टरसाठी तो चांगला आकार आहे, पुढे एससीसाठी बीड मिलमध्ये (बारीक मण्यांनी दळणारी चक्की) २-३ मायक्रॉनपर्यंत दळायचंच आहे त्यामुळे अजून मोठा करण्यात शहाणपणा नाही. आणि ०.१ टक्का बीज म्हणजे नवस बोलल्यासारखं आहे, लागला तर लागला.

बीज टाकून झालं की थांबा. अर्धा-एक तास त्याच तापमानाला ढवळत राहू द्या आणि मग थंड करा, पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीला क्रिस्टलचा पृष्ठभाग थोडा असतो, त्यामुळे सुरुवातीला अगदी हळू आणि पृष्ठभाग वाढेल तसं वेगात. घन वक्राने (उतरलेले अंश वेळेच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढतात) ५२ वरून ० ला ८ तासांत जायचं असेल तर पहिल्या ४ तासांत फक्त साडेसहा अंश उतरायचं असतं, ऑपरेटरला हे पटत नाही, त्याला वाटतं जॅकेट बंद पडलंय, त्याला समजावून सांगा नाहीतर तो रात्रपाळीत ब्राइन (थंड मिठाचं पाणी) चालू करून मोकळा होईल. ढवळणं पण मध्यम ठेवा, जोरात ढवळलं की क्रिस्टल तुटतात आणि बारीक भुकटी होते, हळू ढवळलं की तळाला साका बसतो.

सुयांचा वेगळा मुद्दा. सुया म्हणजे वाईट रूप असं नाही, तेच रूप वेगळ्या सॉल्व्हंटमध्ये जाडसर दाण्याचं पण येऊ शकतं, कारण क्रिस्टलच्या कुठल्या बाजूला सॉल्व्हंट किती चिकटतो त्यावर आकार ठरतो. हायड्रोकार्बनमधून सुया येत असतील तर अल्कोहोल किंवा एस्टरमध्ये बघा, किंवा उलट. दुसरी युक्ती म्हणजे तापमान वरखाली करणं, ५ ते ८ अंश वर नेऊन पुन्हा हळू खाली, असं काही वेळा, बारीक आणि लांब टोकं विरघळतात आणि माल जाड दाण्यांवर जाऊन बसतो. याने फिल्टरचा वेळ बराच वाचतो. पण एक्सआरडी आधी आणि नंतर दोन्ही काढा, सुया गेल्या याचा अर्थ रूप बदललं असाही असू शकतो.

आता शुद्धता, जिच्यापासून सगळे सुरुवात करतात. १०० ग्रॅम क्रूड घ्या, ९४ ग्रॅम माल आणि ६ ग्रॅम कचरा, ३०० ग्रॅम सॉल्व्हंट. ८५ ग्रॅम क्रिस्टल पडले, सगळा कचरा द्रावणात राहिला असं धरा, म्हणजे मदर लिकर (क्रिस्टल गाळल्यावर उरलेलं द्रावण) ३१५ ग्रॅम आणि त्यात ६ ग्रॅम कचरा. फिल्टर केकमध्ये ३० टक्के लिकर राहिलं तर ते झालं साधारण ३६ ग्रॅम, त्यात जवळजवळ ०.७ ग्रॅम कचरा, सॉल्व्हंट उडाला की तो तिथेच राहणार, म्हणजे आदर्श क्रिस्टल असूनही तुमच्या मालात ०.८ टक्के कचरा निव्वळ न धुतल्यामुळे. एकदा नीट थंड सॉल्व्हंटने आतलं लिकर ढकलून बाहेर काढत धुतलं तर त्यातला बहुतेक जातो. नीट म्हणजे केकला भेगा पडायच्या आधी, वर सपाट करून, सावकाश. भेगा पडल्या की वॉश भेगेतून पळून जातो आणि तुम्ही ड्रममध्ये शुद्ध सॉल्व्हंट गोळा करता. वॉशला शक्यतो मदर लिकरच्याच मिश्रणाचं थंड सॉल्व्हंट वापरा, एकदम नुसतं पाणी किंवा नुसतं हेप्टेन ओतलं तर उरलेल्या लिकरमधली इम्प्युरिटी केकवरच खाली पडते.

धुऊनही एखादी इम्प्युरिटी १.५-२ टक्क्यांवर हटून बसली असेल तर ती कुठे आहे ते शोधा. केकचा थोडा माल घ्या, शुद्ध सॉल्व्हंटच्या छोट्या हिश्श्यात ढवळून पहिला १० टक्के विरघळवा, गाळा, मग पुढचा १०, असं करत जा आणि प्रत्येक हिश्शाचं एचपीएलसी करा. पहिल्या हिश्शातच इम्प्युरिटी जास्त आणि नंतर जवळजवळ शून्य, तर ती पृष्ठभागावर होती, धुणं सुधारा. सगळ्या हिश्शांत सारखीच, तर ती क्रिस्टलच्या जाळीत मालाच्या जागी बसतेय, बहुतेक क्लोरीनची जागा बदललेला किंवा अजून एक क्लोरीन असलेला भाऊबंद असणार, आकार सारखा म्हणून जाळीला फरक कळत नाही. असली इम्प्युरिटी दहा वेळा क्रिस्टल करून पण थोडीथोडीच उतरते, उताऱ्याचं मात्र वाटोळं होतं, ती आधीच्या रिअॅक्शनमध्ये किंवा कच्च्या मालातच मारावी लागते. आणि हिश्शांचा आकडा वेडावाकडा असेल तर द्रावणाचे कप्पे आत कोंडले गेलेत किंवा गोळे झालेत, तिथे उत्तर म्हणजे हळू थंड करणं.

कुठली इम्प्युरिटी किती याला पण अर्थ आहे. १ ग्रॅम प्रति किलो आणि त्यावरची प्रत्येक इम्प्युरिटी ओळखून दाखवावी लागते, आणि काही तर त्याहून कितीतरी खाली मोजतात, क्लोरोथॅलोनिलमध्ये हेक्झाक्लोरोबेंझीन, कार्बेन्डाझिममध्ये दोन फेनाझिन. अॅझॉक्सिस्ट्रोबिनमध्ये उरलेल्या टोल्युईनलाही वेगळी मर्यादा आहे. म्हणजे क्रिस्टलचा सॉल्व्हंट टोल्युईन निवडताना तो वाळवून काढता येईल का हे पण त्याच दिवशी बघायचं. सॉल्व्हंट बदलला की इम्प्युरिटीचं प्रोफाइल बदलतं आणि मग नोंदणीसाठी दिलेल्या पाच बॅचच्या अॅनालिसिसशी मेळ बसत नाही, ती बोंब नंतर होण्यापेक्षा आत्ता नोंदणी बघणाऱ्या माणसाला विचारा.

वाळवणं. ड्रायर ही बऱ्याच चांगल्या बॅचचा घात होण्याची जागा आहे. भिजलेल्या मालाचा वितळण्याचा बिंदू कमी असतो हे वर आलंच, त्यामुळे केक टाकला आणि एकदम ७०-८० अंश लावले तर कडेचा माल चिकटून वितळतो, गोळे होतात, आणि गोठताना तो कुठल्या रूपात गोठेल ते देव जाणे. व्हॅक्यूम लावून सुरुवात ३५-४० ला करा, बहुतेक सॉल्व्हंट गेला की मग हळूहळू वर, आणि शेवटी पण कोरड्या मालाच्या बिंदूच्या किमान २० अंश खाली. ६५ ला वितळणारा माल असेल तर ४५ च्या वर जाऊच नका. सॉल्व्हेट (सॉल्व्हंट जाळीत धरलेलं रूप) असेल तर वाळवताना जाळी कोसळते आणि बारीक, अर्धवट अमॉर्फस (क्रिस्टलची रचना नसलेली) भुकटी मिळते, ती दिसायला गोरी-गोमटी असते पण पुढे ओलावा ओढते, गठ्ठे धरते. ड्रायरच्या बाहेर आलेल्या मालाचं एक्सआरडी काढलं नाही तर आधीचं सगळं एक्सआरडी वाया. आणि कोरडी भुकटी हवेत उडत असेल तर ती पेट घेऊ शकते, सेंद्रिय धूळ आहे, स्फोटाची चाचणी करून घ्या, शिवाय अशा गोष्टी श्वासातून जायच्या नसतात, मास्क ग्लोव्हज सुटायला नकोत.

काही रसायनं मुळातच नीट घन होत नाहीत आणि तिथे क्रिस्टलायझेशनवर डोकं आपटण्यात अर्थ नसतो. मेटॅलॅक्झिल बघा, दोन आरसाप्रतिमांचं समसमान मिश्रण ६३-७२ अंशांच्या आसपास वितळणारा घन आहे, आणि त्यातली एकच कामाची प्रतिमा वेगळी केलेलं मेटॅलॅक्झिल-एम जाड तेल आहे. रेणू तोच, शुद्धता उलट जास्त, तरी घन नाही. प्रोपिकोनाझोल चार स्टीरिओआयसोमरचं (अणू तेच, अवकाशातली मांडणी वेगळी) मिश्रण, चिकट द्रव. तिथे मग ईसी (माल सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं, पाण्यात दुधाळ होणारं फॉर्म्युलेशन) हाच सरळ रस्ता. प्रोक्लोराझ ४६ ते ५० ला वितळतं, पण त्याचं मॅंगनीज क्लोराइडबरोबर कॉम्प्लेक्स केलं की हाताळायला सोपा घन होतो आणि मशरूमच्या शेतीत तो वापरला जातो. प्रोपामोकार्ब द्रव आहे, हायड्रोक्लोराइड केलं की घन, पण इतका पाणी ओढणारा की तो पाण्यात विरघळवूनच विकतात. सॉल्टचा हा मार्ग ट्रायअझोलला मात्र फारसा लागू पडत नाही, त्याच्या रेणूतला नायट्रोजन इतका कमजोर बेस आहे की पाण्यात गेल्यावर सॉल्ट सुटतो आणि मूळ माल जसाच्या तसा खाली पडतो. को-क्रिस्टल (दोन वेगळ्या रेणूंचं एकाच जाळीतलं क्रिस्टल) हा हल्लीचा आवडता विषय आहे, पायरिमेथॅनिल आणि डायथियानॉन या दोन बुरशीनाशकांचं एकत्र क्रिस्टल बनवल्याचं पेटंट आहे, कल्पना छानच, पण प्लँटमध्ये घेण्याआधी पाण्यात तो को-क्रिस्टल टिकतो का तेवढं तपासा, बरेच टिकत नाहीत. आणि मॅंकोझेबबद्दल कोणी हा प्रश्न विचारू नका, ते पॉलिमरसारखं आहे, विरघळवून पुन्हा क्रिस्टल वगैरे होत नाही, वितळायच्या आधीच विघटन पावतं.

एससीच्या दाण्यांकडे परत येतो, कारण बरोबर रूप मिळाल्यावर पण तो त्रास शंभर टक्के जाईलच असं नाही. पाण्यात विरघळण्याचं प्रमाण जितकं जास्त तितकी बारीक कण विरघळून मोठ्यांवर बसायची सवय जास्त. माझा अंदाजाचा आकडा, लिटरला १०० मिलीग्रॅमच्या वर विरघळत असेल तर एससी नकोच. टेबुकोनाझोल साधारण ३६ आहे, अॅझॉक्सिस्ट्रोबिन ६, बॉस्कॅलिड ५ च्या आत, म्हणून शेवटच्या दोघांची एससी करणं त्यामानाने सोपं आणि टेबुकोनाझोल जरा त्रास देतं, फवारणीच्या टाकीत सुद्धा त्याचे क्रिस्टल वाढून गाळणी चोक होतात, त्यासाठी फॅटी अॅसिडचे डायमिथाइल अमाइड क्रिस्टल रोखायला वापरतात. तुमच्या मालाचा आकडा २० ते ५० मध्ये असेल असं धरून चालू, तर डिस्पर्संट पॉलिमर प्रकारचा घ्या, जो कणाला घट्ट चिकटून बसतो, कमी रेणुभाराचा वेटिंग एजंट लागेल तेवढाच, कारण जास्तीचा वेटिंग एजंट मायसेल (रेणूंचे बारीक पुंजके) बनवून माल इकडून तिकडे वाहून नेतो. कणांचा आकार एकसारखा असला की मोठा-छोटा हा फरकच कमी राहतो, म्हणून डी५० पेक्षा (अर्धा माल ज्या आकाराच्या खाली येतो तो) डी९० (९० टक्के माल ज्याच्या खाली येतो तो) बघा. आणि बीड मिलचं तापमान. मिलमध्ये उष्णता आणि मार दोन्ही बसतात, पृष्ठभाग अमॉर्फस होतो, रूप पण बदलू शकतं, चिलर नसेल तर कमी वितळणारा माल तिथेच लोण्यासारखा फासला जातो. दळायला घेतानाच स्थिर रूप असेल तर मिल त्याला फारसं बिघडवत नाही, मेटास्टेबल असेल तर मिलमध्येच बदलायला लागतं आणि एससी मिलच्या आउटलेटलाच घट्ट होते.

तुमच्याकडे जे तीन प्रकार आलेत, पावडर, सुया, आणि तेलाचा गोठलेला गोळा, ते फेकू नका. तिन्हींचं एक्सआरडी आणि डीएससी उद्याच पाठवा, घट्ट झालेल्या एससीतले दाणे पाण्याने धुऊन, खोलीच्या तापमानाला वाळवून त्यांचं पण पाठवा. ते दाणे म्हणजे तुमच्या मालानेच सांगितलेलं उत्तर आहे की त्याला कुठलं रूप पाहिजे, आणि त्यांचा पॅटर्न सुयांशी जुळला तर तुमचं पहिलं बीज तुमच्या नाकारलेल्या बॅचमध्येच पडून आहे. मग ते बीज घेऊन पाणी बाजूला ठेवा, हायड्रोकार्बन-अल्कोहोलच्या मिश्रणात एक लिटरच्या ग्लास रिअॅक्टरमध्ये घन वक्राने थंड करून एक रन घ्या, आणि रिअॅक्टर, केक, ड्रायर अशा तीन ठिकाणचे सॅम्पल काढा. तिन्हींत रूप एकच असेल तर मोठ्या बॅचचं बोलू, नसेल तर कुठल्या दोन ठिकाणांमध्ये बदललं तेवढं लिहा.